मत्स्यालयाची जेली : चोवीस पेले आणि त्याआधीचे फसलेले घाणे

५ एप्रिल २०२५, शनिवार

नातीचा सातवा वाढदिवस २७ एप्रिलला, रविवारी आहे. केक तिची आई आणणार आहे, पण त्यासोबत तिला ‘आत मासे पोहत असलेली’ थंडगार जेली हवी आहे आणि ती बाजारातून आणलेली चालणार नाही, असे तिने मला बजावले आहे. सोसायटीतील आणि शाळेतील मिळून चोवीस मुले येतील. कार्यक्रम संध्याकाळी सहा वाजता सोसायटीच्या सभागृहात होईल. तिथे पंखे आहेत, पण वातानुकूलन नाही.

या कामाच्या नोंदी ठेवण्याचे कारण असे की पाककृती वाचताना सर्व काही सरळ वाटते, आणि जे बिघडते ते कोणी लिहीत नाही. महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षे सहायक होतो, त्यामुळे नोंदवहीत चुका लिहिण्याची लाज मला वाटत नाही.

पहिला निर्णय जिलेटिन न वापरण्याचा. ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून होते, आणि येणाऱ्या मुलांपैकी निम्म्यांच्या घरी ते चालणार नाही. शिवाय जिलेटिनची जेली एप्रिलमधल्या पुण्यात, उकडणाऱ्या सभागृहात, फ्रीजबाहेर काढल्यावर थोड्याच वेळात सैल पडेल. आगर-आगर समुद्री शेवाळापासून होते, ४० अंशांच्या खाली आल्यावर फ्रीजशिवायही जमते आणि एकदा जमले की पुन्हा वितळायला साधारण ८५ अंश लागतात. माझ्या हातून आयुष्यात हजारो पेट्री डिश (जिवाणू वाढवण्याच्या चपट्या बशा) आगरने भरल्या गेल्या असल्यामुळे हे काम सोपे जाईल, असे मी घरात जाहीर करून टाकले. ही माझी पहिली चूक.

६ एप्रिल, रविवार (रामनवमी)

सुंठवडा वाटून झाल्यावर दुपारी पहिला घाणा केला. घरात फालुद्यासाठी आणलेली चायना ग्रासची, म्हणजे धाग्यांच्या रूपातल्या आगराची, १० ग्रॅमची पाकिटे होती. त्यांतले एक पाकीट ८०० मिलिलिटर पाण्यात, साखर आणि एका लिंबाच्या रसासह उकळत ठेवले. पाकिटावर आधी भिजवण्याची सूचना होती आणि ती मी वाचलीही होती, परंतु घाईत दुर्लक्ष केले.

पाच मिनिटांनी वरवर पाहता सर्व विरघळले होते. गाळले नाही. वाट्यांत ओतून तीन तासांनी पाहिले, तेव्हा जेली थरथरत होती खरी, पण चमचा लावताच तिचे पाणी सुटू लागले आणि प्रत्येक वाटीच्या तळाशी शेवयांसारखे धागे दिसू लागले.

दोन दोष एकाच वेळी घडले होते. धागे न भिजवल्यामुळे आगराचा काही भाग विरघळलाच नाही, आणि जो विरघळला तो लिंबाच्या आंबटपणात उकळत राहिल्याने दुबळा झाला. आगर आम्लासोबत उकळू नये, हे मला नव्याने कळण्याचे कारण नव्हते. सूक्ष्मजीव वाढवण्यासाठी आंबट माध्यमे तयार करताना आम्ही आम्ल नेहमी निर्जंतुकीकरणानंतरच घालत असू. प्रयोगशाळेत जे हात चुकत नाहीत, ते स्वयंपाकघरात का चुकतात, हे मला सांगता येत नाही. सौ.चे म्हणणे असे की, “तिथे तुम्हांला विचारणारं कोणी तरी होतं.”

खर्च : चायना ग्रासची दोन पाकिटे ९० रुपये. वेळ : साडेतीन तास, निष्फळ.

८ एप्रिल, मंगळवार

चायना ग्रासचे धागे बाजूला ठेवून आगराची पावडर आणली. १०० ग्रॅमला २८० रुपये पडले. धाग्यांचे प्रमाण ‘मूठभर’, ‘अर्धे पाकीट’ असे अंदाजाने घ्यावे लागते, तर पावडर काट्यावर तोलता येते, म्हणून हा खर्च मी योग्य मानतो.

चार वाट्यांत प्रत्येकी २०० मिलिलिटर पाणी घेऊन अनुक्रमे १, १.४, १.८ आणि २.४ ग्रॅम पावडर घातली. या वेळी पावडर थंड पाण्यावर भुरभुरून दहा मिनिटे तशीच ठेवली, मग मंद आचेवर ढवळत उकळी आणली आणि उकळी आल्यानंतर तीन मिनिटे थांबलो. गरम पाण्यात पावडर टाकली की तिच्या गुठळ्या होतात आणि त्या नंतर कितीही ढवळले तरी मोडत नाहीत, हे एका जादा वाटीत मुद्दाम करून पाहिले.

परीक्षक नात होती. १ ग्रॅमची जेली ‘पळते’, १.४ ची ‘छान’, १.८ ची ‘शाळेच्या डब्यातल्या बर्फीसारखी’ आणि २.४ ची ‘खोडरबर’, असा तिचा निकाल आहे. प्रयोगशाळेत आम्ही १०० मिलिलिटरला दीड ग्रॅम घालत असू, म्हणजे मी आयुष्यभर खोडरबराहूनही घट्ट जेली ओतत आलो.

निश्चित केलेले प्रमाण : १०० मिलिलिटरला ०.७ ग्रॅम.

एक गोष्ट विषयाला धरूनच आहे म्हणून लिहितो. आगर प्रयोगशाळेत पोहोचले तेच मुळी स्वयंपाकघरातून. १८८१च्या सुमारास वॉल्टर हेसे या जर्मन डॉक्टरांची जिलेटिनवर वाढवलेली जिवाणूंची संवर्धने उन्हाळ्यात वितळून जात. त्यांच्या पत्नी फॅनी यांची घरची जेली मात्र उन्हाळ्यातही टिकत असे, कारण त्या तीत आगर घालत. त्यांनी ते नवऱ्याला सुचवले, आणि पुढे जिवाणुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्याकडून ते जगभरच्या प्रयोगशाळांत गेले. ही हकीकत मी सौ.ला सांगितली. “म्हणजे बायकोचं ऐकलं,” एवढेच ती म्हणाली.

१२ एप्रिल, शनिवार (हनुमान जयंती)

आज केवळ गोळ्यांची परीक्षा. सर्वांत उपयोगी ठरलेला दिवस हाच, म्हणून सविस्तर लिहितो.

चार प्रकार घेतले : लिमलेटच्या गोळ्या, माशाच्या आकाराच्या जेलीच्या गोळ्या (हिरवे चिन्ह पाहूनच घेतल्या), रंगीत साखरी कवचाच्या चॉकलेट गोळ्या आणि तोंडात तडतडणारी पूड. साध्या जेलीच्या चार वाट्यांत, मिश्रण अर्धवट जमल्यावर, एकेक प्रकार रुतवला, वरून आणखी थोडे मिश्रण ओतले आणि घड्याळ लावून बसलो.

तडतडणाऱ्या पुडीचे प्रकरण पहिल्या मिनिटातच संपले. त्या साखरेच्या कणांत कार्बन डायऑक्साइड दाबून भरलेला असतो आणि ओलावा लागताच तो फुटून बाहेर पडतो. वाटीतून काही क्षण फोडणीसारखा आवाज आला, नात टाळ्या पिटू लागली, आणि त्यानंतर वाटीत बुडबुड्यांखेरीज काही उरले नाही.

रंगीत चॉकलेट गोळ्यांचे रंग वीस मिनिटांत सुटले. लाल गोळीभोवती लाल, हिरवीभोवती हिरवे वलय पसरत गेले आणि तासाभरात सर्व मिळून रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशीच्या बादलीतील पाण्यासारखा मातकट रंग झाला.

लिमलेटच्या कडा पहिल्या तासात गोल झाल्या. सहा तासांनी गोळीच्या जागी गोळी नव्हती, तिच्या आकाराची पोकळी होती आणि त्या पोकळीत पाक साठलेला होता. चवीला तो भाग उत्तम लागतो, पण दिसायला काहीच उरत नाही.

जेलीच्या माशांनी सर्वांत जास्त तग धरला. चार तासांपर्यंत आकार स्पष्ट होता. सहा तासांनी खवले बुजले. बारा तासांनी मासे फुगले आणि पृष्ठभाग बुळबुळीत झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना मासा म्हणणे हे केवळ सौजन्य ठरले असते.

कारण सर्वांचे एकच आहे. गोळी म्हणजे जवळजवळ सर्व साखर आणि जेली म्हणजे जवळजवळ सर्व पाणी, त्यामुळे दोघे शेजारी आले की पाणी गोळीकडे धाव घेते. हे थांबवण्याचा कोणताही उपाय मला सापडला नाही. माशांना तुपाचा हात पुसून पाहिला, पण फ्रीजमध्ये तूप थिजून माशांवर पांढरे ठिपके उठले आणि मला ते पाहून थेट बुरशीच्या वसाहतींची आठवण झाली. पांढऱ्या चॉकलेटात बुडवून पाहिले, तर वरून ओतलेल्या कोमट मिश्रणाने चॉकलेटच विरघळले आणि निवळ जेली गढूळ झाली.

म्हणून उपाय रोखण्याचा नसून वेळेचा आहे : जेली मुलांना देण्याच्या आधी जास्तीत जास्त पाच तास मासे तिच्यात जातील, तडतडणारी पूड मुलाच्या हातात पेला देताना वरून पडेल, आणि चॉकलेट गोळ्या या कामातून बाद.

गोळ्यांचा एकूण खर्च, पुढच्या खरेदीसह : ४८० रुपये.

१३ एप्रिल, रविवार

समुद्राचा निळा रंग. बाटलीतला रंग सुनेला नको होता. आमच्या गॅलरीत गोकर्णीचा वेल आहे आणि त्यावर औषध फवारलेले नाही, म्हणून पंधरा फुले तोडली, त्यांचे हिरवे देठ काढले (ते राहिले तर निळ्यात हिरवट झाक येते) आणि गरम पाण्यात दहा मिनिटे ठेवली. रंग अप्रतिम आला.

पण चव? गोकर्णीला चव नाही. कालच्या लिमलेटच्या पाकाची चव आठवून मी दहा लिमलेटच्या गोळ्या त्या निळ्या पाण्यात विरघळवल्या. दोन मिनिटांत समुद्र जांभळा झाला. गोळ्यांत सायट्रिक आम्ल असते आणि गोकर्णीचा रंग आम्ल लागताच निळ्याचा जांभळा होतो. लिटमसचा कागद मी हजारदा हाताळला आहे, तरी ओट्यावर उभा राहून मी त्या पातेल्याकडे दोन मिनिटे नुसता पाहत होतो.

“समुद्र जांभळा नसतो, आजोबा,” असे म्हणून नातीने तो घाणा नाकारला. तो आम्ही मोठ्यांनी खाल्ला. चवीला या सर्व कामातील तीच जेली सर्वोत्तम होती, याची नोंद करणे भाग आहे.

निळ्या थरात आंबट काही चालणार नाही, हे ठरले. मग आंबट नसलेले आणि तरी चव असलेले काय, यावर संध्याकाळभर घरात चर्चा झाली. गुलाबपाणी, वेलची, खस अशी नावे निघाली आणि शेवटी सुनेने शहाळ्याचे पाणी सुचवले. एका शहाळ्यावर लगेच करून पाहिले, तर रंग निळाच राहिला.

मात्र इथेही एक घाणा गेला. शहाळ्याचे पाणी फ्रीजमधले, गार होते आणि ते मी उकळत्या आगरात एकदम ओतले. पळी फिरवेपर्यंत आगर जागोजागी जमून पातेल्यात साबुदाण्यासारखे दाणे झाले. दुसऱ्यांदा शहाळ्याचे पाणी हाताला कोमट लागेल इतके गरम करून, वस्त्रगाळ करून, ढवळत ढवळत घातले तेव्हा मिश्रण एकजीव झाले. पद्धत अशी ठरली : निम्म्या पाण्यात सगळे आगर उकळायचे आणि उरलेले निम्मे प्रमाण कोमट रसाचे किंवा शहाळ्याच्या पाण्याचे, गॅस बंद केल्यावर घालायचे.

१७ एप्रिल, गुरुवार

सहा पेल्यांची संपूर्ण तालीम. तळाला ‘वाळू’ म्हणून आमरसाचा पिवळा थर, त्यात खडकांऐवजी डाळिंबाचे दाणे आणि द्राक्षांच्या उभ्या फोडी, त्यावर निळा थर आणि त्यात मासे. द्राक्षे अख्खी घालू नयेत, कारण लहान मुलांच्या घशात ती अडकू शकतात. चार वर्षांखालची दोन भावंडे येणार आहेत, त्यांच्या पेल्यांत गोळ्याही घालायच्या नाहीत, असे ठरवले आहे.

फळांविषयी : द्राक्षे, डाळिंब आणि आंबा तळाशी बसतात, सफरचंद आणि कलिंगड तरंगतात. कलिंगड सुंदर दिसते, पण इतके पाणी सोडते की जेलीभोवती डबके साचते. शेजारच्या काकूंनी अननस घालू नका, जेली जमणार नाही, असे बजावले होते. त्यांचा अनुभव खरा आहे, पण तो जिलेटिनचा आहे. ताज्या अननसातील ब्रोमेलेन हे विकर (एन्झाइम) प्रथिने तोडते आणि जिलेटिन प्रथिन आहे. आगर प्रथिन नसल्याने त्याला अननस, पपई, किवी यांचे भय नाही. एका वाटीत अननस घालून पाहिला, जेली व्यवस्थित जमली. तरीही अननस आंबट आहे आणि निळ्याला लागून जांभळे डाग पाडतो, म्हणून तो वगळला. हापूसही थोडा आंबट असतोच, पण दोन थरांच्या सांध्यावर एक बारीकशी जांभळी रेघ उमटते, ती मला शोभूनच दिसली.

आता चूक. पिवळा थर काल रात्रीच फ्रीजमध्ये घट्ट करून ठेवला होता. सकाळी त्यावर निळा ओतला. तो जमला, पण दोन्ही थर एकमेकांना धरेनात. चमचा घातला की निळी चकती सरकून वेगळी व्हायची आणि मधल्या फटीत पाणी साचायचे.

त्यात दहा वाजता वीज गेली. गुरुवार असल्याचे आम्ही विसरलो होतो, आणि गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाणे पुणेकराला सांगावे लागू नये. उरलेले तीन पेले ओट्यावरच जमले, कारण आगराला फ्रीज लागत नाही, पण ते गार होईनात. दुपारी वीज आल्यावर मी अधीर होऊन ते थेट बर्फाच्या कप्प्यात ठेवले आणि विसरलो. संध्याकाळी काढले तेव्हा ते दगड झाले होते, आणि बर्फ वितळल्यावर जे हाती आले ते भांडी घासण्याच्या स्पंजासारखे होते. पाणी वेगळे आणि चोथा वेगळा.

गंमत अशी की चायना ग्रास तयार होते ते याच दोषामुळे. सतराव्या शतकात जपानमध्ये उरलेली शेवाळाची जेली थंडीत बाहेर टाकली गेली, ती रात्री गोठली, दिवसा वितळली आणि शेवटी वाळून तिचा चोथा तेवढा राहिला, आणि त्यातून आगर वाळवण्याची रीत सापडली, असे सांगतात. मी साडेतीनशे वर्षे उशिरा तोच शोध माझ्या फ्रीजमध्ये लावला.

तालमीत गेलेले आंबे आणि शहाळी : ४१० रुपये.

२० एप्रिल, रविवार

३५० रुपयांची तापमापी आणली. आधीच आणायला हवी होती. हाताच्या अंदाजाने चालेल, असा माझा हट्ट होता.

थरांचा प्रश्न सुटला. खालच्या थराला बोट टेकवल्यावर तो बोटाला किंचित चिकटतो पण बोट आत जात नाही, अशी एक वेळ येते. आमच्या घरात पंख्याखाली ती साधारण पंधराव्या मिनिटाला आली. त्या वेळी वरचा थर ५० अंशांच्या आसपास ओतला की दोन्ही एक होतात. ती वेळ हुकलीच, तर खालच्या थरावर काट्याने बारीक ओरखडे काढावेत. पेला उलटायचा नसेल तर तेवढी पकड पुरते.

माशांचा प्रश्न त्याहून नाजूक. ६० अंशांचे मिश्रण ओतले तेव्हा माशाचे कल्ले आणि शेपूट विरघळून गेले. “आजोबा, हा मासा मेलाय का?” असा प्रश्न आला आणि मला उत्तर देता आले नाही. ४५ अंशांना शेपूट राहिले. ४० च्या खाली मिश्रण पळीतच जमू लागते. म्हणजे हाती असलेली खिडकी केवळ पाच अंशांची आहे, आणि पेले चोवीस आहेत.

त्यावर जुना उपाय केला. प्रयोगशाळेत वितळलेले आगर आम्ही ५० अंशांच्या वॉटर बाथमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीत, ठेवत असू. इथे मोठ्या परातीत गरम पाणी घेऊन त्यात पातेले ठेवले आणि परातीतले पाणी निवले की थोडे उकळते पाणी घालत गेलो. मिश्रण वीस मिनिटे ४५ ते ४७ अंशांवर राहिले.

मासे साखरेने जड असल्यामुळे नुसते टाकले तर आडवे होऊन तळाशी पडतात. निळ्या थराचा खालचा भाग आधी जमवून, त्यात सुरीने बारीक चीर पाडून, माशाचे पोट त्या चिरेत रोवावे आणि मग वरचे मिश्रण चमच्याच्या पाठीवरून हळू सोडावे. मासा पोहताना दिसतो. ही युक्ती नातीची आहे. ती गणपतीच्या मखरात पुठ्ठ्याची झाडे अशीच उभी करते.

२२ एप्रिल, मंगळवार

खरेदी. नळ स्टॉपहून मेट्रोने निघून जिल्हा न्यायालय स्थानकावर गाडी बदलली आणि मंडईला उतरलो. आंबे, डाळिंबे आणि द्राक्षे मंडईत पाहून ठेवली. तिथून चालत रविवार पेठेत बोहरी आळीला गेलो. झाकणाचे पारदर्शक पेले, ३० नग, १८० रुपये. झाकणाचेच घ्यावेत, कारण फ्रीजमधला वास जेलीला फार लवकर लागतो.

२६ एप्रिल, शनिवार

दुपारी सहा हापूस आंबे (३५० रुपये), पाच शहाळी (३०० रुपये), आणि तालमींसह इतर फळांचे मिळून १८० रुपये.

पिवळा थर : ६०० मिलिलिटर पाण्यात ८.४ ग्रॅम आगर उकळून, गॅस बंद करून, कोमट केलेला ६०० मिलिलिटर आमरस. आमरस गाळून घेतला. प्रत्येक पेल्यात ५० मिलिलिटर. फळे त्यातच.

निळ्याचा पहिला हप्ता : ४८० मिलिलिटर गोकर्णीच्या पाण्यात ६.७ ग्रॅम आगर आणि १०० ग्रॅम साखर, त्यात तेवढेच कोमट शहाळ्याचे पाणी. प्रत्येक पेल्यात ४० मिलिलिटर.

एकट्याने ओतायला घेतले आणि सहाव्या पेल्यानंतर लक्षात आले की पहिल्या पेल्यातला थर घट्ट होऊन गेला आहे. मुलाला हाक मारली. एकाने ओतायचे आणि एकाने बोट लावून पाहायचे, अशी वाटणी केल्यावर उरलेले अठरा पेले बिनचूक झाले. पहिल्या सहांना काट्याचे ओरखडे काढले.

चोवीस पेले आमच्या फ्रीजमध्ये मावत नाहीत, हे मी तीन आठवड्यांत एकदाही मोजून पाहिले नव्हते. दहा पेले शेजारी ठेवले.

२७ एप्रिल, रविवार

दुपारी एक वाजता निळ्याचा दुसरा हप्ता : ७२० मिलिलिटर गोकर्णीचे पाणी, १०.१ ग्रॅम आगर, १५० ग्रॅम साखर आणि ७२० मिलिलिटर शहाळ्याचे पाणी. चिरा पाडणे नातीकडे असणार होते, पण सुरी तिच्या आईने काढून घेतली, म्हणून तिने मासे रोवले. बावीस पेल्यांत दोन-दोन मासे, दोन पेले बिनमाशांचे. ४६ अंशांना ओतायला सुरुवात केली आणि पंचवीस मिनिटांत काम संपले. शेवटच्या तीन पेल्यांसाठी मिश्रण जमू लागले होते. परातीत उकळते पाणी घालायचे मी विसरलो होतो. त्या तिघांच्या पृष्ठभागावर लाटा उमटल्या. नातीने त्यांना ‘खवळलेला समुद्र’ असे नाव देऊन स्वतःच्या मैत्रिणींसाठी राखून ठेवले, त्यामुळे दोष लपला.

सहा वाजता पेले बाहेर काढले. सभागृहात भरपूर उकडत होते, तरी सव्वासातपर्यंत एकही पेला सैल झाला नाही. एका पेल्यात डाळिंबाचा रंग वर चढला होता. शेजारच्या फ्रीजमधल्या एका पेल्याचे झाकण नीट लागले नव्हते, त्याला लसणाच्या चटणीचा वास आला. तो पेला मी घेतला.

तडतडणारी पूड देताना मुलांची रांग लावावी लागली. प्रत्येकाच्या पेल्यावर अर्धे पाकीट, आणि लगेच कान पेल्याला लावण्याची सूचना. हे काम माझ्याकडे असल्याने मला केक मिळाला नाही.

मग एक न ठरवलेली गोष्ट घडली. भेळेसोबत लिंबाच्या फोडी ठेवल्या होत्या. नातीला १३ तारखेचा जांभळा घाणा आठवला असावा, कारण तिने एक फोड उचलून स्वतःच्या समुद्रावर पिळली आणि तो कडेकडेने जांभळा होत गेला. त्यानंतर भेळेला लिंबू उरले नाही. सौ.ला खाली भाजीवाल्याकडे धाडावे लागले, तेव्हा तिने माझ्याकडे पाहिले ते असे की मी तातडीने स्वतःच गेलो.

पुढच्या वेळी प्रत्येक पेल्यासोबत लिंबाची एक छोटी फोड ठेवावी.

२८ एप्रिल, सोमवार

हिशेब. आगर २८०, चायना ग्रास ९०, गोळ्या ४८०, शहाळी ३००, आंबे ३५०, इतर फळे १८०, पेले १८०, साखर ४५, तापमापी ३५०, तालमीत वाया गेलेला माल ४१०. एकूण २,६६५ रुपये. चुका वगळून नुसते शेवटचे चोवीस पेले धरले तर सुमारे १,३०० रुपये, म्हणजे पेल्यामागे साधारण ५५ रुपये. वेळेचा हिशेब धरला तर एकूण पाच दिवस फसण्यात गेले आणि दोन दिवस कामात.

ताप आल्यामुळे एक मुलगी आली नव्हती, तिचा पेला फ्रीजमध्ये राहिला. आज संध्याकाळी, म्हणजे अठ्ठावीस तासांनी, तो उघडला. जेली घट्ट होती, वर चमचाभर पाणी सुटले होते. थरांची पकड शाबूत होती, म्हणजे तो पहिल्या सहांपैकी नसावा. आतले दोन्ही मासे फुगून दुपटीएवढे झाले होते आणि त्यांचा नारिंगी रंग भोवतीच्या निळ्यात उतरला होता. नातीने पेला डोळ्यांसमोर धरून बराच वेळ पाहिला, हे देवमासे आहेत, असे सांगितले आणि ते खाण्यास नकार देऊन खालची आंब्याची वाळू तेवढी चमच्याने उकरून संपवली.